खाली लावायचा कागद

रस्त्यापलीकडच्या भिंतीवर रंगारी एक अक्षर चढवत होता, आणि ते अक्षर इकडे खिडकीत बसून बघणाऱ्याच्या घरातलं होतं. डोळ्यांच्या दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर खिडकीशेजारच्या खुर्चीत तो बसला होता. आईची फाइल मांडीवर, तिचा चष्मा खिशात, आणि करायला काही नाही म्हणून नजर बाहेर. इतका वेळ त्याला नुसता रंगारी दिसत होता. दोन दोरांवर टांगलेली फळी, फळीवर डबा, डब्याशेजारी टोपी घातलेला माणूस. मग तो माणूस जरा बाजूला सरकला आणि त्याच्या पाठीमागून 'आर' बाहेर आला. पुरुषभर उंच, तांबडा, जाडजूड, पायांना चौकोनी ठोकळे. आणि उजव्या पायाच्या ठोकळ्यावर, जिथे असायला हवी बरोबर तिथे, ती खोच. 'बी' आधीच होऊन वाळला होता आणि पुढच्या तीन अक्षरांच्या खडूच्या रेघा मारून तयार होत्या. खाली ब्रेडचं दुकान निघत होतं. काचांना अजून आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं, म्हणजे दुकान अजून जन्माला यायचं होतं, पण त्याची पाटी मात्र आजोबांच्या काळापासून ऊनपाऊस खाल्ल्यासारखी दिसायला लागली होती. आतल्या खोलीत आईच्या उजव्या डोळ्याची पट्टी काढायची तयारी चालली होती. त्या खोलीची खिडकीही याच रस्त्यावर उघडते हे त्याला ठाऊक होतं. काल सकाळी ऑपरेशनच्या आधी तो तिथेच उभा राहिला होता, आणि काल ही भिंत पांढरी होती.

त्याचा धंदा अक्षरांचा. लोक विचारायचे, म्हणजे नक्की काय, आणि तो सांगायचा की कॉम्प्युटरवर तुम्ही जे अक्षर उमटवता ते आधी कुणीतरी काढावं लागतं, ते मी काढतो. लोक म्हणायचे, अरे वा, आणि विषय बदलायचे. सतरा वर्षांत त्याने चौदा फाँट काढले होते. त्यातले तेरा धुतल्या तांदळासारखे स्वच्छ, आणि त्या तेरांना कुत्रं विचारत नव्हतं. चालला तो हा एकच, जुन्या लाकडी अक्षरांवरून उचललेला, ठोकळ पायांचा, मोठ्या आकारातच शोभणारा. त्याच्या अंगावर सगळीकडे खड्डे, ओरखडे, उडालेली शाई. हा जॅमच्या बाटलीवर होता. जीन्सच्या मागच्या चामड्याच्या तुकड्यावर होता, कॉफीच्या दुकानातल्या फळ्यावर होता, सायकलच्या गॅरेजवर, एका बँडच्या ढोलावर, आणि ज्यातला न्हावी जेमतेम बावीस वर्षांचा होता अशा केस कापायच्या दुकानावर. एकदा तर त्याला तो दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर दिसला होता आणि त्याला स्वतःलाच कसंसं झालं होतं, कारण खड्डे पडलेली अक्षरं तिथे लावायची म्हणजे कमाल होती. नव्या गोष्टीला जुनं दिसायची हौस आली की ती त्याच्या दारात यायची. दुसरा कुणी असता तर घरी पेढे वाटल्याच्या थाटात सांगत सुटला असता. त्याने मात्र अकरा वर्षं ही गोष्ट आईपासून लपवली होती. आई चार वर्षांपूर्वी कायमची राहायला आल्यापासून जॅमची नवी बाटली घरात शिरली की तो आधी ती गरम पाण्यात उभी करून लेबल काढायचा. बायको म्हणायची, लोकांचे नवरे बाटल्या लपवतात, माझा लेबलं काढतो. न्हाव्याच्या गल्लीतून जाताना तो आईच्या दुकानाकडच्या बाजूने चालायचा आणि हवेवर बोलायचा. बायकोचं एकच म्हणणं होतं, की सांगून टाक एकदाचं, आई काय खाणार आहेत का तुला. तो म्हणायचा, तू तिला छापखान्यात बघितलेलं नाहीस.

छापखान्यातली आई निराळी होती. वडील लवकर गेले, आणि त्यांच्या मागे राहिलेलं पायाने चालवायचं एक मशीन आणि अक्षरांच्या नऊ पेट्या आईने चालवायला घेतल्या, त्या एकतीस वर्षं चालवल्या. घरात ती भाजीत मीठ कमी पडलं तर पडलं म्हणून सोडून द्यायची, पण छापखान्याचा उंबरा ओलांडला की तिच्या भुवया एकमेकींजवळ यायच्या. पहिलं प्रूफ निघालं की ती ते खिडकीशी न्यायची, भिंग लावून एकेका अक्षराच्या पोटात बघायची. काही बिघडलं असेल तर बोलायची नाही, नुसता कागद चुरगळून टोपलीत टाकायची. सगळं बरोबर असेल तर दोनच शब्द म्हणायची, चालू दे. हे दोन शब्द ऐकायला छापखान्यातली माणसं ताटकळत उभी असायची. एकदा एका रोपवाटिकेच्या जाहिरातीत 'एस'चं पोट फिकं आलं आणि ते हजार कागद छापून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. रोपवाटिकेचा मालक म्हणाला, बाई, जाऊ द्या, एवढं कोण बघतंय. आई म्हणाली, "तुमचं कुणी बघत नसेल. माझं मी बघते." आणि हजारच्या हजार तिने पुन्हा छापले. तो तेव्हा दाराशी स्टुलावर बसून गृहपाठ करत होता. त्याला स्टुलावरून उतरायची बंदी होती. मशीनमध्ये बोट जाईल ही एक भीती, आणि दुसरं म्हणजे शाईला हात लावायचा नाही, असा आईचा हट्टच होता. तू शीक, ती म्हणायची, हात काळे करायला मी आहे. त्यामुळे तो छापखान्यात वाढला तो प्रेक्षक म्हणून. अक्षरं उलटी कशी वाचायची हे त्याला पाचव्या वर्षी येत होतं आणि शाई किती घ्यायची हे कधीच कळलं नाही. आईच्या ॲप्रनच्या खिशात कागदाचे कपटे असायचे, आणि मोठ्या लाकडी अक्षरांच्या बुडाला ती त्यातले कपटे खळीने चिकटवायची. त्याने एकदा विचारलं होतं, हे कशाला, तर नीट बसावीत म्हणून, असं ती म्हणाली होती. खालचा लोखंडी पाट गार असतो म्हणून अक्षरांना अंथरूण घालतात, अशी त्याने मनाशी समजूत करून घेतली होती, आणि पुढे ती विसरूनही गेला होता.

अकरा वर्षांपूर्वीच्या थंडीत मावशी पाय मोडून पडली. आई तिच्याकडे आठ दिवस गेली आणि छापखान्याची किल्ली त्याच्याकडे आली. तेव्हा त्याचे चार फाँट पडले होते, पाचवा सुचत नव्हता, आणि कंपनीचा माणूस फोन उचलेनासा झाला होता. तो बंद छापखान्यात एकटाच शिरला. लाकडी अक्षरांची पेटी उघडली, प्रूफ काढायच्या छोट्या हातमशीनवर अक्षरं मांडली, डब्यावरची शाईची साय बाजूला सारून खालची शाई रुळाला लावली आणि एकेक अक्षर कागदावर उमटवलं. चोरी केल्यासारखे त्याचे कान तापले होते. पहिला कागद उचलला आणि तो तिथेच स्टुलावर बसला. अक्षरं अर्धवट आली होती. कुठे पोट फिकं, कुठे लाकडाच्या रेघा उघड्या पडलेल्या, कुठे कडेचा टवकाच उडालेला. त्याला वाटलं, तोवर चोवीस वर्षं ही बाई यांच्यावर राबली आणि शेवटी ही अशी झाली. अक्षरांचं काय घेऊन बसलोय, तीही अशीच झाली असणार आणि आपलं लक्ष नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते खरं होतं, त्यात नाटक नव्हतं. पण डोळे पुसता पुसताच त्याच्यातला दुसरा माणूस म्हणत होता, हे चालेल, हे धो धो चालेल, आणि तेही तितकंच खरं होतं. सगळी अक्षरं त्याने उमटवून घेतली, रॉकेलने पुसून जागच्या जागी ठेवली. कॉम्प्युटरवर त्या फाइलीला नाव दिलं 'म्हातारी'. मायेनेच दिलं होतं. पुढे कंपनीने विचारलं, नाव काय ठेवायचं, आणि त्याला दुसरं काही सुचेना, तर तेच कायम झालं. खाली चार ओळी त्याने स्वतः लिहून दिल्या, की एका छापखान्यात चोवीस वर्षं राबून झिजलेली ही अक्षरं, यातली झीज अस्सल आहे. त्या ओळी अजून तिथे होत्या आणि त्या त्याने पुन्हा कधी वाचल्या नाहीत.

आईला हे कळलं तर ती काय करेल याची चित्रं त्याने इतक्या वेळा रंगवली होती की त्यांचाही आता एक अल्बम झाला असता. ती ओरडणार नाही हे नक्की. ती कागद खिडकीशी नेईल, बघेल, चुरगळेल आणि टोपलीत टाकेल. जिने एका फिक्या पोटासाठी हजार कागद फुकट घालवले, तिची अक्षरं फिकी, फुटकी करून पोराने गावभर लावली, आणि वर तिलाच म्हातारी म्हटलं. पण याच्याही खाली एक गोष्ट होती, आणि ती बायकोलाही माहीत नव्हती. आईचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच पिकायला लागला होता. डॉक्टरांनी तारीख दिली होती. तेव्हा उन्हाळा होता, तो म्हणाला, उन्हाळ्यात नको, घामाचा त्रास होईल. मग पुन्हा तारीख दिली, तेव्हा त्याला कामाची गडबड होती. डॉक्टर म्हणाले, घाई नाही पण फार लांबवूही नका. आईने काहीच म्हटलं नाही. ती चहाचा कप ठेवताना आधी हाताने टेबलाची कड चाचपायला लागली. दारावरची घंटा वाजली की उठण्याआधी हाक मारून कोण ते विचारायला लागली. त्याच दिवसांत कधीतरी त्याने जॅमच्या बाटल्या भिजवायचं सोडून दिलं होतं, कारण आता गरज उरली नव्हती. एका सकाळी बाटली तिच्यासमोर होती, लेबल तिच्या बाजूला होतं, ती ब्रेडला जॅम लावत होती आणि तिला काही दिसत नव्हतं, आणि त्याला बरं वाटलं. नुसतं हलकं वाटलं क्षणभर, पण वाटलं. त्यानंतर तो कामाला गेला तो दिवसभर कुणाशी नीट बोलला नाही. आज फाइलीत त्या दोन्ही जुन्या चिठ्ठ्या अजून होत्या, त्याच्याच अक्षरात तारीख खोडलेल्या. त्या काढून का टाकल्या नाहीत, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

नर्सने नाव न घेता नुसती मान हलवून आत बोलावलं. आई खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर, शाळेत फोटो काढायला बसवल्यासारखी. डॉक्टर तिच्यापुढे स्टुलावर. खोलीत औषधाचा थंड वास होता आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता. तो लगेच पडद्याशी जाऊन उभा राहिला. पडदा पुरता ओढावा असं त्याच्या मनात आलं, हातही वर गेला, पण डॉक्टर म्हणाले, राहू द्या, उजेड हवाय. मग तो स्वतःच खिडकीच्या आड उभा राहिला. बारीक अंगाचा माणूस, खिडकी अर्धीसुद्धा झाकली जात नव्हती. डॉक्टरांनी चिकटपट्टी सोडवली, कापूस काढला, ओल्या बोळ्याने पापणी पुसली. आईने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. डोळा लाल होता आणि त्यातून पाणी येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, समोर काय दिसतं, आजी.

"तुमची दोन दिवसांची दाढी दिसते," आई म्हणाली. "आणि मी अजून कुणाची आजी झालेली नाही."

डॉक्टर हसले. नर्स हसली. त्याच्याही छातीवरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं, कारण काही झालं तरी डोळा वाचला होता, आणि कालपासून तो त्याचीही काळजी करत होता, हे त्याला आता कळलं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आईने खालून दुसऱ्या ओळीपर्यंत धडाधड वाचला, आणि वर तिसरी ओळ डावीकडे उतरती लागली आहे असंही सांगितलं. डॉक्टरांनी मागे वळून बघितलं, त्यांना काही उतरतं दिसलं नाही. मग ते म्हणाले, आता लांबचं, बाहेर बघा बरं, आणि त्याला म्हणाले, तुम्ही जरा बाजूला व्हा.

तो बाजूला झाला. पाऊलभरच अंतर होतं, पण ते टाकायला त्याला वेळ लागला. आईने बाहेर बघितलं. तिच्या भुवया एकमेकींजवळ आल्या, आणि ते बघून तो एकदम स्टुलावरचा सात वर्षांचा झाला. तिने तळहाताने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने, अजून पडदा असलेल्या डोळ्याने बघितलं. मग डावा झाकला आणि उजव्याने बघितलं. असं तिने तीन वेळा केलं. डॉक्टर वाट बघत होते, त्यांना वाटलं ती दोन डोळ्यांतला फरक ताडून बघते आहे, आणि ते काही चूक नव्हतं. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि थांबला.

"तो 'आर' आपला आहे," आई म्हणाली.

कोण आर, डॉक्टरांनी विचारलं. अकरा वर्षं जी वाक्यं घोकली होती त्यातलं एकही जाग्यावर नव्हतं. हो, तो म्हणाला, आपलाच आहे, मी त्याचा फाँट केला, सगळ्याच अक्षरांचा केला, तुला विचारलं नाही. डॉक्टर थेंबांची चिठ्ठी लिहायच्या निमित्ताने टेबलाकडे वळले. आई अजून बाहेरच बघत होती.

"कुणी छापली?"

"मी."

"कधी?"

मावशीचा पाय मोडला होता तेव्हा, असं त्याने सांगितलं. आईने हिशेब केला असावा. म्हणजे थंडीत, ती म्हणाली. हो, थंडीत. शाई कोमट करून घेतली होतीस का. तो म्हणाला, नाही.

"आणि खाली कागद?"

"कुठला कागद?"

आईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. लाल, पाणावलेला, नवा डोळा, आणि त्या डोळ्याला आपण एवढे स्पष्ट कित्येक वर्षांत दिसलो नसू असं त्याला वाटलं. मग तिचे खांदे हलायला लागले. रडायचं नाही असं काल बजावलं होतं, नर्सही धावली. पण आई रडत नव्हती. ती हसत होती. एक हात डोळ्यापुढे आडवा धरून, खोकला दाबल्यासारखी, अंग हलवून हसत होती.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "लाकडाची अक्षरं ती. हवेने थोडीफार वरखाली होतातच, एखादं केसभर खाली बसतं. त्याच्या बुडाला कागद लावायचा, मग सगळी एका पातळीला येतात. मी दर खेपेला लावायची, काम झालं की काढून टाकायची. तू ती तशीच बोडकी ठेवलीस, त्यावर गोठलेली शाई फिरवलीस. मग अशीच उठणार, दुसरं काय होणार."

"म्हणजे ती झिजली नव्हती?"

"झिजायला काय धाड भरलीय त्यांना. ती एक खोच खरी. आणि तीही तूच पाडलीस, लहानपणी खिडकी उघडी राहायला 'आर' अडकवला होतास तेव्हा."

तो जवळच्या खुर्चीवर बसला. जड पेटी चार जिने चढवून खाली ठेवल्यावर माणूस बसतो तसा. म्हणजे जॅमच्या बाटलीवर आई नव्हती. न्हाव्याच्या दुकानावर, ढोलावर, दातांच्या दवाखान्यावर ती कुठेच नव्हती. तिच्या एकतीस वर्षांना कुणी बोटही लावलं नव्हतं. ती अख्खी, भरीव, पेटीत पुसून ठेवलेली होती. जगभर फिरत होता तो त्याचाच कच्चा हात, घाबरत घाबरत फिरवलेला एक अर्धा सुका रूळ. ज्या झिजेवर तो रडला होता ती त्यानेच रडण्याआधी पाच मिनिटं तयार केलेली होती. लोक अकरा वर्षं जिचं कौतुक करत होते ती छापखान्यातल्या कुणालाही पहिल्याच दिवशी सुधारून दाखवता आली असती अशी चूक होती. त्याला लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही, पण ही लाज लहान होती, खिशात मावणारी. आपल्या चुकीची लाज माणसाला सोसते. तो हसायला लागला, आणि आईने नवा डोळा बारीक करून विचारलं की त्याचं नाव काय ठेवलंस. खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. ती त्याने जाऊ दिली.

"म्हातारी."

नर्स तिच्या डोळ्यावर पारदर्शक वाटी चिकटवत होती, ते आईने पुरं होऊ दिलं. मग म्हणाली, म्हणजे तुझ्या हातचं अर्धवट प्रूफ गावभर म्हातारी म्हणून फिरतंय. तो म्हणाला, हो. फिरू दे, आई म्हणाली, त्यात माझा काय संबंध. आणि ती उठून चष्मा मागायला लागली, मग तो आता नको आहे हे लक्षात येऊन तिने हात मागे घेतला.

बाहेर काउंटरवरच्या बाईने दुसऱ्या डोळ्यासाठी विचारलं, पुढच्या महिन्यातली तारीख देऊ की त्याच्या पुढच्या. तो म्हणाला, सगळ्यात आधीची कुठली आहे. पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी एक जागा होती, पण सकाळी साडेसहाला यावं लागणार होतं. ती द्या, तो म्हणाला, आणि बाईने लिहून होईपर्यंत तिच्या पेनाकडे बघत राहिला. आई शेजारी उभी होती. तिने विचारलं, तुझी कामं नाहीत का त्या दिवशी. नाहीत, तो म्हणाला. रस्त्यावर आल्यावर ती त्याचा हात सोडून भिंतीखाली जाऊन उभी राहिली. रंगारी आता बारीक कुंचल्याने 'ई'च्या तांबड्या अंगावर पांढरे ठिपके काढत होता, एकेक ठिपका, छापील कागदात बघून. आईने खालून विचारलं की हे खड्डे मुद्दाम पाडताय का. रंगारी म्हणाला, काय करणार बाई, डिझाइनच तसं आलंय, भरीव असतं तर दुपारच्या जेवणाआधी मोकळा झालो असतो. आईने मुलाकडे बघितलं. त्याने चपलेच्या टोकाकडे बघितलं. बिचारा, ती म्हणाली, आणि ते तिने दोघांपैकी कुणाला म्हटलं हे त्याने विचारलं नाही.

घरी आल्यावर तिने चहाही घेतला नाही. पलंगाखालून पेटी काढ म्हणाली. छापखाना बंद झाला तेव्हा मशीन गेलं, बाकीच्या पेट्या गेल्या, पण लाकडी अक्षरांची ही एक पेटी आणि प्रूफ काढायचं हातमशीन तिने सोबत आणलं होतं. चार वर्षं ते तिच्या पलंगाखाली होतं आणि चार वर्षं त्याने तिकडे केर काढायला वाकणंही टाळलं होतं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलेलं होतं, त्यामुळे ती खुर्चीवर बसली आणि तो जमिनीवर. बायको कामावरून यायची होती, खिडकीतून दुपारचं ऊन थेट फरशीवर आलं होतं. शाईचा डबा त्याने गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. तिने सांगितलं तेव्हा उघडला. काचेच्या तुकड्यावर थोडी शाई घेऊन रूळ फिरव म्हणाली, फिरवत राहा, आवाज ऐक, चिकट चुरचुर आली पाहिजे, अजून नाही, अजून नाही, आता आली. त्याला ऐकू आली. चाळिशीला आलेल्या त्याच्या हातांना शाई पहिल्यांदाच नीट लागत होती आणि तिला ते चालत होतं. 'आर' त्याने पाटावर ठेवला. त्याच्या पायावरची खोच अंगठ्याला लागली. शाई लावली, कागद ठेवला, जड रूळ वरून नेला आणि कागद उचलला. 'आर' आला, त्या भिंतीवरचाच धाकटा भाऊ, वरच्या अंगाला फिका, पोटात रेघा.

"कागद लाव," आई म्हणाली.

त्याने आजूबाजूला बघितलं. टेबलावर दवाखान्याची फाइल होती. तिच्यात हात घातला तर नेमक्या त्याच दोन चिठ्ठ्या हाताला आल्या. त्या परत ठेवता आल्या असत्या. दुसरा कागद घरात नव्हता असं नाही. त्याने त्या जमिनीवर तिच्यासमोर ठेवल्या.

आईने विचारलं, काय आहे ते. तो म्हणाला, तुझ्या डोळ्याच्या तारखा, मी ढकललेल्या. उन्हाळ्याचं कारण खोटं होतं, कामाचंही खोटं होतं. "तुला ते दिसू नये म्हणून, आई. मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पण त्यासाठीच." एवढं बोलून त्याला वाटलं, आता ती कागद उचलेल आणि चुरगळेल. टोपली कोपऱ्यात होती. तो रुळाची मूठ धरून बसला. आईने वाकायचं नाही हे विसरून हात खाली केला, मग आठवून मागे घेतला. वाटीआडून पाणी ओघळलं, ते तिने गालावर पुसलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पहिल्या दिवशी पाणी येतं, त्यामुळे ते कशाचं होतं हे कळायला मार्ग नव्हता.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तू माझ्या ऑपरेशनला घाबरतोस. वडिलांच्या ऑपरेशनसारखं काही होईल म्हणून. म्हणून मी आग्रह धरत नव्हते."

तेही थोडं होतं, असं त्याला म्हणायचं होतं, पण ते आता सांगितलं असतं तर सबब वाटली असती.

"एक फाड आणि लाव," आई म्हणाली.

त्याने पहिली चिठ्ठी अक्षराच्या मापाने फाडली, बुडाला चिकटवली. शाई, कागद, रूळ. पोट भरलं, पण वरचा डावा कोपरा अजून फिका होता. तिने मान हलवली. एकाने भागत नाही, ती म्हणाली, दुसरीही लाव. त्याने दुसरीही लावली. खोडलेली तारीख अक्षराखाली गेली. या वेळी रूळ नेताना हाताला फरक लागला, एक घट्ट, भरलेली सरक. त्याने कागदाची कड धरून तो हळूच सोलला आणि बघितला. 'आर' काळा होता. कडेपासून कडेपर्यंत काळा, कोपरे तासलेले, पाय ठोस, कुठे खड्डा नाही, कुठे रेघ नाही, फक्त ती एक खोच. हे अक्षर त्याने लहानपणी स्टुलावरून हजारदा बघितलेलं होतं आणि पुढे अकरा वर्षं विसरून दुसऱ्याच कशाला तरी तेच समजला होता. त्याने कागद आईच्या हातात दिला आणि तसाच गुडघ्यांवर थांबून राहिला.

आई कागद घेऊन खिडकीशी गेली. डावा डोळा तळहाताने झाकला, कागद उन्हात धरला, एकदा जवळ, एकदा लांब. भुवया जवळ आल्या. भिंग तिने मागितलं नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला. शाई त्याच्या नखांत गेली होती आणि मनगटापर्यंत आली होती, आणि ती पुसायला तो उठला नाही.

"चालू दे," आई म्हणाली.

त्याने पेटीतून 'एस' काढला.